खणात बांधलेला पेढ्यांचा डबा

सोलापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न येतो, "चादर आणली का?" आणली. दोन आणल्या. दुसरा प्रश्न, "ऊन फार आहे का हो?" जानेवारीत नाही. पण मी चादरीसाठीही गेले नव्हते आणि ऊन मोजायलाही नाही. मी गेले होते जपानी भाषेचा गृहपाठ करायला. हसून घ्या एकदा, मग पुढचं सांगते.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जपानीचा वर्ग भरतो. माझी स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्याच्या वर. कांदा चिरता चिरता मला एक ते शंभर आकडे पाठ झाले, तेव्हा म्हटलं, चोरून ऐकण्यापेक्षा खाली जाऊन बसावं. पोस्टाच्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झाले होते, वेळच वेळ होता. वर्गात सगळी विशी-पंचविशीतली मुलं आणि मी एकटी एकसष्टची. शेजारी येऊन बसली ती शिवलीला. चोवीस वर्षांची, पुण्यातल्या एका रुग्णालयात नर्स, मूळची दुधनीची. दुधनी म्हणजे अक्कलकोटच्या पुढे, अगदी कर्नाटकाच्या वेशीवर. मला 'काकू' म्हणायची आणि माझ्या वहीतल्या चुका मला न विचारता खोडायची. पहिल्याच आठवड्यात आवडली मला.

संक्रांतीच्या सुट्टीआधी आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे बाईंनी, एक नवा धडा घेतला. काही मागायचं असेल तर जपानी माणूस एकदम मागत नाही. आधी कारण सांगतो, "त्याचं असं झालंय की सामान जड आहे…" असं. मग जरा थांबतो. मग विचारतो, आणि विचारतानाही 'उचला' म्हणत नाही, 'मला उचलून मिळेल का' म्हणतो. निमोत्सु गा ओमोइन्देस् गा, तेत्सुदात्ते इतादाकेमासेन् का. मी म्हटलं, "बाई, इतकं बोलेपर्यंत हमाल निघून जाईल." वर्ग हसला, पण गृहपाठ काही टळला नाही. सुट्टीत जिथं जाल तिथं रोज तीन विनंत्या करायच्या, मराठीत चालतील, पण आधी कारण, मग थांबणं, मग विनंती. समोरच्यानं काय केलं ते वहीत लिहायचं.

दुसऱ्या दिवशी शिवलीला माझ्या घरी आली आणि चहा गार होईपर्यंत कप नुसता फिरवत बसली. मग म्हणाली, "काकू, त्याचं असं झालंय…" मी म्हटलं, गृहपाठ माझ्यावरच सुरू झाला. पण तसं नव्हतं. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात तिची निवड झाली होती, तीन वर्षांसाठी. होकार येत्या सोमवारपर्यंत कळवायचा होता आणि घरी अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

"अप्पा रागवत न्हाईत," ती म्हणाली. "पण ते एकदा न्हाई म्हणाले की का म्हणून विचारायची पद्धत न्हाई आमच्यात. आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी जाणार न्हाई. तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही बोलून मिळेल का?"

वाक्यरचना अगदी धड्यातल्यासारखी. नाही कशी म्हणणार?

सोलापूर, शुक्रवार

गाडीत काय घडलं ते सांगत नाही, कारण काही घडलं नाही. आम्ही दोघी सोलापूरला उतरलो तेव्हा मी ठरवलं होतं की मुक्कामाला पोचायच्या आत तीन विनंत्या उरकायच्या. पहिला बळी रिक्षावाला. दाढी पांढरी झालेले गृहस्थ होते. मी सुरू केलं, "भाऊ, त्याचं असं आहे, माझे गुडघे दुखतात, त्यातून बॅग जड, त्यातून…"

"अम्मा," ते म्हणाले, "वजा नक्को बोलो, जाना कां है वो बोलो." आणि माझं वाक्य संपायच्या आत बॅग त्यांच्या पायाशी होती. कारण ऐकायची त्यांना गरजच नव्हती. वहीत लिहिलं, विनंती अपूर्ण, काम पूर्ण.

जेवायला बसलो तिथंही तेच. "दादा, आम्ही लांबून आलोय, घसा कोरडा पडलाय…" एवढं म्हणून मी शिकवल्याप्रमाणे थांबले. वाढणारा माझ्याकडे बघत राहिला. "पाणी पायजे का? मग पाणी द्या म्हणा की," म्हणत तांब्या आपटून गेला, आणि जाता जाता न मागितलेली शेंगाचटणी ताटात टाकून गेला. वर दही, वर कडक भाकरीचा अख्खा चंद्र. ही भाकरी पापडासारखी मोडते, आठ-आठ दिवस टिकते म्हणे. आमच्याकडे टिकली नाही, दहा मिनिटांत संपली.

दुपारी पूर्व भागात चादरीच्या दुकानात गेलो. मालक तेलुगू, तीन पिढ्या मागावर गेलेल्या, मराठी आपल्याहून स्वच्छ. मी म्हटलं, "मला खाली गादीवर बसता येत नाही, गुडघ्यांचं असं झालंय की…" ते उठले, आत गेले, आतून खुर्ची आली, खुर्चीमागून चहा आला, चहामागून त्यांच्या आईचं गुडघ्याचं तेल आलं आणि ते कसं चोळायचं याचं प्रात्यक्षिक. चादर बघायला अर्धा तास लागला.

पुण्यात कसं असतं, कारण नीट ऐकून घेतात आणि मग नाही म्हणतात. मीही तेच केलंय खिडकीत बसून. "सही जुळत नाही, पुढच्या सोमवारी या." समोरची म्हातारी काही सांगू बघायची, मी "पुढे" म्हणायची. सोलापुरात त्या दिवशी मला माझीच थोडी लाज वाटली. पण ते राहू दे.

संध्याकाळी शिवलीलेनं घरी न्यायचा पेढ्यांचा डबा बांधला. सेन्सेईंनी शिकवलं होतं की जपानात भेट नुसती देत नाहीत, कापडात गुंडाळून देतात, चार टोकांची वर सुबक गाठ मारून. हाताशी रुमाल होता तो चहाने डागलेला. बाजारातून मी स्वतःसाठी हिरव्या-लाल खणाचा एक तुकडा घेतला होता. तिनं तोच पसरला, डबा ठेवला आणि अशी झकास गाठ मारली की मी फोटो काढून वर्गाच्या गटावर टाकला. सेन्सेईंनी टाळ्या पाठवल्या. आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात काही आलं नाही. एवढी शिकलेली, एवढी मोठी, आणि अक्कल कुठं गहाण पडली होती देव जाणे.

दुधनी, शनिवार

दुधनीच्या स्टेशनात उतरलं की चहूकडे सपाट काळी जमीन दिसते, तुरीची कापणी झालेली, ज्वारी डोक्याएवढी. बाजारात तुरीची पोती, आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. एकाच वाक्यात सुरुवात एका भाषेत आणि शेवट दुसरीत.

शिवलीलेचे अप्पा, म्हणजे वडील मल्लिनाथअण्णा, दाराशीच उभे होते. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगावर पांढरा सदरा, धान्याचं दुकान चालवणारा माणूस. "बर्री, कुंद्री," म्हणाले, म्हणजे या, बसा. आणि लगेच सुरू झाले. "पाणी दे यांना. पंखा लाव. बॅग आत ठेव. उशी आण." मी मनात म्हटलं, झालं, ह्या माणसापुढं इतादाकेमासेन् का काय कामाचं?

स्वयंपाकघरात शिवलीलेची अव्वा, म्हणजे आई, भेटली. मी ओट्याशी उभी राहून तिला विचारलं, "कायम असेच हुकूम सोडतात का हो?"

"व्हय," ती हसली. "पंचवीस वर्सांत मला एकदा 'देतेस का' म्हणाले न्हाईत. दे म्हंत्यात. पन माझं गोडतेल संपायच्या आदी डबा आणून ठिवत्यात. मी कदी मागितलं न्हाई." मग तिनं विचारलं, "तुमाला मुलं किती, अक्का?"

"एकच मुलगा. चांगली नोकरी आहे, पण लग्नाचं नाव काढत नाही मेला."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मी आणलेल्या डब्याकडे बघितलं. मग आत जाऊन गूळ घेऊन आली आणि हुग्गी करायला घेतली. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, वर तुपाची धार. मी म्हटलं, अहो कशाला एवढं. ती म्हणाली, "न्हाई न्हाई, आज करायलाच पायजे." किती प्रेमळ माणसं, असं मी वहीत लिहिलं. तीच वही आता उघडली की कान गरम होतात.

संध्याकाळी बैठक भरली. म्हणजे मला वाटलं मी सहज बोलणार आहे, पण बघते तर अप्पांनी थोरल्या भावाला बोलावून घेतलेलं. त्यांना सगळे दोड्डप्पा म्हणतात. ते इस्त्रीची टोपी घालून खुर्चीत ताठ बसलेले. खणातला डबा मध्ये स्टुलावर ठेवलेला. शिवलीला दाराआड. तिची बोटं चौकटीवर मला दिसत होती, नखं पांढरी पडलेली.

मी घसा साफ केला आणि धडा सुरू केला. "त्याचं असं आहे अण्णा, शिवलीला माझ्या शेजारी बसते, सहा महिने मी तिला बघतेय. अशी मुलगी हजारांत सापडत नाही. वय पण आता योग्य आहे. अशी संधी दारात पुन्हा पुन्हा येत नाही. लोक फार चांगले आहेत, नीट सांभाळतील. लांब आहे खरं, पण आजकाल लांब म्हणजे काय…" आणि इथं, शिकवल्याप्रमाणे, मी थांबले.

अप्पांनी हात जोडले. "अक्का, तुमी एवढ्या लांबनं आलात, मान घिऊन आलात. मी तुमाला न्हाई म्हंतो, तर का ते सांगायला पायजे." ते जरा थांबले. "मला पोरगी इतक्यात लांब धाडायची न्हाई. ती पुण्याला गेली तवा मी काय बोललो न्हाई. पन रोज संध्याकाळी सात वाजता तिचा फोन येतो. ती इचारती, जेवलात का अप्पा. मी म्हंतो, व्हय. तू जेवलीस का. व्हय. एवढंच. दोन मिनटं. त्या दोन मिनटांसाटी मी दुकानातनं लवकर घरी येतो. गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी उठतो. हिला इचारा." अव्वानं मान हलवली. "ती लांब गेली की मग त्या घरची झाली. मग सात वाजता तिला येळ असंल का नसंल, मी कोन सांगनार?"

दाराआडची बोटं चौकटीवरून निघून गेली.

मला वाटलं, अरे, यांना सगळं आधीच कळलंय. मी म्हणायला तोंड उघडलं की तिथंही फोन करता येतो, तेवढ्यात दोड्डप्पा पुढं वाकले. "ते खरं हाय रे. पन मुलगा काय करतो, ते तरी कळू दे की."

"कुणाचा मुलगा?" मी विचारलं.

"तुमचा."

मी खणाकडे बघितलं. वरच्या सुबक गाठीकडे बघितलं. हुग्गी आठवली, इस्त्रीची टोपी दिसली, आणि सगळं एकदम उलगडलं. ह्या भागात कुणी कारण सांगत बसत नाही, माणूस सरळ मागतो आणि समोरचा सरळ देतो. कुणी मोठं माणूस खणात मिठाई घेऊन येऊन, मुलीची स्तुती करून, वाक्य अर्धवट सोडून गप्प बसलं, तर ते एकाच कामासाठी आलेलं असतं.

"स्थळ नाही हो," मी म्हणाले, घाबरून. "जपान. ती नोकरीला जपानला जाणार आहे. तीन वर्षं."

ना कारण, ना विनंती. अठ्ठावीस वर्षांच्या खिडकीतल्या आवाजात सांगून टाकलं. अव्वानं पदर तोंडाला लावला. दोड्डप्पांनी टोपी काढली. अप्पा उठले, चपला घातल्या. "जेवून घ्या," एवढं म्हणाले आणि दुकानाकडे गेले. आम्ही जेवलो, पण ती खीर मी वाटीत तशीच ठेवली.

शिवलीला भांडी घासायला बसली. मी शेजारी बसले. "माझ्यामुळे बिघडलं गं सगळं."

"न्हाई काकू." ती तवा घासत होती, तो स्वच्छ झाल्यावरसुद्धा घासत होती. "अप्पा सातच्या फोनसाठी लवकर घरी येतात, हे मला म्हाईतच नव्हतं. मला वाटायचं त्यांना फोनवर बोलायला आवडत न्हाई."

"आता काय करणार?"

"आता विचारणं लई अवघड झालं."

शेतावर, रविवार

सकाळी मी बॅग भरत होते. अप्पा दारात आले. "चला. हुरडा." दोनच शब्द. त्यांच्या पोती वाहायच्या छोट्या गाडीत पुढं मी, मागं शिवलीला आणि अव्वा. रस्त्यानं ते एकदाच बोलले, बोट दाखवून, "ती झाडं दिसत्यात न्हवं, त्याच्या पल्याड कर्नाटक." मी हो म्हटलं. मला तर झाडांच्या अलीकडचं आणि पलीकडचं सारखंच दिसलं.

शेतात आगटी पेटवलेली होती, गोवऱ्यांची धग. कोवळी कणसं तिच्यात खुपसायची, भाजली की पोत्यावर चोळायची, हिरवे कोवळे दाणे निघतात, तो हुरडा. पुण्यात मी तो पिशवीतून विकत घेते, गार झालेला. तो खाऊन हुरडा खाल्ला म्हणू नका. गरम, दुधाळ, वर शेंगाचटणी, मधे गुळाचा खडा. मी भीतीनं गप्प होते, पण खात होते. पोटाला लाज नसते.

अप्पा चोळत होते. पहिली मूठ मला दिली, दुसरी अव्वाला. तिसरी शिवलीलेपुढं केली तेव्हा तिनं हात पुढं केला नाही.

"अप्पा," ती म्हणाली. "त्याचं असं झालंय."

पोरी, आता नको धडा, असं ओठावर आलं होतं.

"दवाखान्यात म्हातारी माणसं येतात," ती म्हणाली. "त्यांचं करायला बाकीच्या कंटाळतात. मी न्हाई कंटाळत. त्यांची नखं कापते, त्यांचं तेच तेच ऐकते. एका आजोबांना दोन महिने कुणी भेटायला आलं न्हाई, तर ते मला रोज विचारायचे, जेवलीस का. मला ते काम येतं अप्पा. दुसरं काय येतं का म्हाईत न्हाई, पण ते येतं. तितं ते नीट शिकवतात. मला शिकायचंय. आणि मला भीतीपण वाटते. भाषा अजून मोडकी हाय, थंडी लई असती म्हणतात, आणि तुमी काल जे बोलला ते मी ऐकलं…"

आणि ती थांबली. वाक्य तिथंच सोडलं. पुढं काही मागितलं नाही, डोळे पुसले नाहीत, वडिलांकडे नुसतं बघत राहिली. मी वर्गात शंभर वेळा ते थांबणं थांबले असेन, पण ते असं असतं हे मला त्या शेतात कळलं.

अप्पा एक कणीस चोळायला लागले. ते संपलं, दुसरं घेतलं. अव्वा गोवऱ्या सारख्या करत होती, त्या सारख्याच होत्या. दूर कुठंतरी पंप चालू झाला.

"आपले सात वाजत्यात," अप्पा म्हणाले, कणसाकडे बघत, "तवा तितं किती वाजत्यात?"

"साडेदहा," शिवलीला म्हणाली. "रात्रीचे."

"म्हंजे तुजी निजायची येळ."

"व्हय."

त्यांनी हातावरचं फोलपट झटकलं. बराच वेळ झटकत राहिले. मग एकदम वर बघितलं, आणि त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "त्याचं कसं हाय बघ. इतक्या वर्सांची सवय झालीया. तुजा आवाज ऐकला न्हाई की मला जेवान जात न्हाई. वय झालं आता, सवय सुटायची न्हाई." ते थांबले. "मी दुकान सहाच्या आत बंद करीन. तुजी झोप बी मोडायची न्हाई. तवा… सातच्या जागी सहाला फोन केलास तर चालंल का तुला?"

अव्वाच्या हातातली गोवरी तशीच राहिली. पंचवीस वर्षांत त्यांनी तिच्यासमोर कुणाला असं विचारलं नव्हतं.

शिवलीलेनं मान हलवली, पुन्हा हलवली, मग म्हणाली, "चालंल अप्पा."

मी माझी वही पिशवीतच ठेवली. त्या दिवशीच्या तीन विनंत्या माझ्याकडून झाल्या नाहीत, आणि सेन्सेईंना मी तसं सांगूनही टाकलं.

अप्पांनी हुरड्याची ती मूठ पुन्हा तिच्यापुढं धरली. "खा," ते म्हणाले. "गार होतंय."